‘कल’ हा शब्द: कशापासून कललेले आणि कशाकडे कललेले?

गोदाकाठ (सेलू)

सर्वांना नमस्कार. गेल्या महिन्यात आईच्या शस्त्रक्रियेनंतर मला आठ दिवस रुग्णालयात तिच्या सोबतीला राहावे लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर आल्या आणि त्यांनी मावशींना आईची खाट डोक्याकडून तीस अंश कलती ठेवायला सांगितले. बाहेरच्या टीव्हीवर कुठल्याशा मतमोजणीचे ‘सुरुवातीचे कल’ दाखवत होते, आणि मी तपासायला सोबत नेलेल्या उत्तरपत्रिकांमध्ये ‘पृथ्वीचा आस कललेला आहे’ हे वाक्य निदान चाळीस वेळा आले होते. एकच शब्द खाटेला, मतदाराला आणि पृथ्वीला लागू होतो, आणि तिन्ही ठिकाणी आपण तो न अडखळता समजून घेतो. तेव्हापासून या शब्दाने माझी पाठ सोडलेली नाही.

त्या उत्तरपत्रिकांमध्ये आणखी एक गोष्ट होती. काही विद्यार्थ्यांनी कल २३.५ अंश लिहिला होता आणि काहींनी ६६.५ अंश. पुष्कळ शिक्षक दुसरे उत्तर चूक धरतात, आणि पूर्वी मीही तसेच करत असे. प्रत्यक्षात दोन्ही बरोबर आहेत. पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलावर उभा केलेला लंब घेतला, तर आस त्या लंबापासून सुमारे २३.५ अंश ढळलेला आहे; आणि ते प्रतलच आधार मानले, तर आस त्याच्याशी ६६.५ अंशांचा कोन करतो. विद्यार्थ्यांची चूक आकड्यात नव्हती. दोन्ही गटांनी ‘कशापासून’ हे लिहिलेच नव्हते, आणि मीही ते कधी विचारले नव्हते.

यावरून माझे असे मत झाले आहे की कल ही कोणत्याही वस्तूची एकटीची गोष्ट नाही. आधी एक सरळ मानलेली रेषा किंवा पातळी ठरवावी लागते आणि मगच दुसरे काही कलले असे म्हणता येते. गवंडी ओळंबा सोडतो, खगोलशास्त्रज्ञ प्रतल ठरवतो, डॉक्टर शरीराची मध्यरेषा धरतो. मनाच्या बाबतीत मात्र ही रेषा आपण सांगतच नाही. राज्यात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलमापन चाचणी घेतली गेली. माझे विद्यार्थी तो अहवाल हातात घेऊन विचारत असत की आमचा कल अमुक क्षेत्राकडे आहे म्हणजे नेमके काय, आणि मला समाधानकारक उत्तर देता येत नसे. आवड, क्षमता आणि सवय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच मी सांगू शकत असे.

या शब्दाचा आपापल्या कामात कसा वापर होतो ते सभासदांनी लिहावे, अशी विनंती आहे.

ओळंबा (लातूर)

गोदाकाठ सर, आपण माझ्या कामाचे हत्यार पहिल्याच लेखात आणलेत, त्यामुळे उत्तर देणे भागच आहे. बांधकामावर ‘कल’ हा शब्द आम्ही दोषासाठी वापरतो, आणि मुद्दाम दिलेल्या उतारासाठी ‘ढाळ’ म्हणतो. भिंत कलली म्हणजे बिघडली. गच्चीला मात्र ढाळ दिलाच पाहिजे, नाहीतर पाणी साचून स्लॅब गळतो. साधारण दहा फुटाला एक इंच ढाळ सांगितला की मिस्त्रीला वेगळे समजवावे लागत नाही. आपल्याकडच्या जुन्या माळवदांवर, म्हणजे मातीच्या सपाट छपरांवर, पांढऱ्या मातीचा थर अंथरतानासुद्धा पन्हाळीकडे असाच ढाळ काढत असत आणि दर पावसाळ्यापूर्वी तो नीट करून घेत असत.

आपला मुद्दा आमच्याकडे रोज सिद्ध होतो. भिंतीचा कल आम्ही ओळंब्यापासून मोजतो, म्हणजे उभ्या रेषेपासून. आणि फरशीचा ढाळ पाणसळीपासून, म्हणजे आडव्या पातळीपासून. शिवाय मोजण्याची भाषाही एक नाही. कोणी अंशांत सांगतो, कोणी शंभरास एक म्हणतो, तर कोणी टक्के सांगतो. नवीन मुले शंभर टक्के उतार म्हणजे सरळ खाली कडा समजतात, पण तो फक्त ४५ अंशांचा असतो, कारण त्यात शंभर फूट आडवे गेल्यावर शंभर फूट उतरायचे असते.

एक आठवण सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नुकताच पदविका घेऊन बाहेर पडलो होतो आणि पडझडीच्या पाहणीत ज्येष्ठांच्या हाताखाली होतो. उभ्या राहिलेल्या दगडी भिंतींना ओळंबा लावणे हे माझे काम होते. मातीत बांधलेल्या त्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती बाहेरून सरळ दिसत असत, परंतु त्यांच्या आतील आणि बाहेरील दगडांच्या रांगा एकमेकींपासून सुटून मध्ये पोट आलेले असे. वरच्या टोकापासून सोडलेला दोरा खालच्या दगडापासून चार बोटे दूर लोंबकळताना पाहिला की घरमालकाला त्या घरात पुन्हा राहू नका असे सांगावे लागे. घरमालक म्हणत की भिंत तर आजोबांच्या काळापासून अशीच आहे. त्यांच्या दृष्टीने तीच भिंत सरळ होती, कारण डोळ्यांना तिची सवय झाली होती. तेव्हापासून नजरेने ठरवलेल्या सरळपणावर मी विश्वास ठेवत नाही.

अक्षरओळ (धाराशिव)

फार चांगला विषय आहे. मी मराठी शिकवते, म्हणून व्याकरणाच्या बाजूने एक निरीक्षण मांडते, आणि त्यात गोदाकाठ सरांशी थोडा मतभेदही आहे.

या शब्दाबरोबर येणारी शब्दयोगी अव्यये पाहावीत. शास्त्रात आपण ‘लंबापासून कललेला’ किंवा ‘क्षितिजाशी तीस अंशांचा कोन’ असे म्हणतो. तेथे ‘पासून’ आणि ‘शी’ येतात. रोजच्या बोलण्यात मात्र ‘तिचा चित्रकलेकडे कल आहे’ असे म्हणतो. तेथे ‘कडे’ येते. ‘गणितापासून कल’ असे कोणीही म्हणणार नाही. शास्त्राचा कल मागे वळून मूळ रेषेकडे पाहतो, तर मनाचा कल पुढे असलेल्या गोष्टीकडे पाहतो. म्हणून मनाच्या कलाला आधाररेषा सांगितली जात नाही ही मराठीची उणीव आहे असे मला वाटत नाही. तेथे कोन सांगायचाच नसतो. दिशा सांगायची असते.

आपल्या भाषेने या अर्थाच्या किती छटा जपल्या आहेत ते पाहावे. ऊन कलते, दिवस कलतो; तेथे दुपारचा माथ्यावरचा सूर्य ही सरळ रेषा न सांगताच गृहीत धरलेली असते. घागर कलंडते, म्हणजे कलण्याची मर्यादा ओलांडून जाते. एखाद्या हट्टी मुलाला किंवा आजारी माणसाला ‘कलाने घ्यावे’ लागते, म्हणजे त्याचे मन ज्या बाजूला झुकले आहे त्या बाजूने त्याच्यापर्यंत पोहोचावे लागते. या शब्दप्रयोगातला समजूतदारपणा मला फार मोलाचा वाटतो. आणि मतमोजणीच्या दिवशी सकाळी ‘कल’ येतात, संध्याकाळी ‘कौल’ मिळतो. कल बदलू शकतो. दिलेला कौल म्हणजे निर्णय असतो. वृत्तनिवेदक घाईत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतात, ते टाळले पाहिजे.

आमच्या भागात शेतातल्या खोलगट पट्ट्याला ‘लवण’ म्हणतात. लवणे म्हणजे वाकणे, झुकणे. डोळा लवतो ते क्रियापद आणि हे लवण यांचे नाते माझ्या विद्यार्थ्यांना सांगितले की ते थक्क होतात. संस्कृतातील ‘नम्’ धातूपासून नम्र, उन्नत, अवनत आणि शास्त्रातला ‘नती’ (झुकण्याचा कोन) हे सारे शब्द आले. माणसाचा नम्रपणा आणि खडकाच्या थराची नती ही एकाच घरातली भावंडे आहेत.

वखरपाळी (औंढा)

लवण हा शब्द वाचून बरे वाटले. आमच्याकडे आजही रोज वापरात आहे.

शुश्रूषा (अंबाजोगाई)

गोदाकाठ सर, आपल्या मातोश्री आता बऱ्या असतील अशी आशा करते. खाटेचे डोके तीस अंश उचलून ठेवण्याचे कारण असे की पूर्ण आडव्या रुग्णाच्या पोटातील द्रव घशाकडे येऊन श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांसाठी म्हणूनच तीस ते पंचेचाळीस अंशांचा कल सांगितला जातो. उलट दिशेचा कलही वैद्यकात आहे. डोके खाली आणि पाय वर अशा स्थितीला जर्मन शल्यचिकित्सक फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग यांचे नाव आहे. ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेत त्यामुळे आतडी छातीकडे सरकतात आणि खाली काम करायला जागा मिळते. वारंवार चक्कर येऊन पडणाऱ्या रुग्णाला पट्ट्यांनी बांधून टेबल साठ-सत्तर अंशांपर्यंत उभे करतात आणि त्याचा रक्तदाब व नाडी पाहतात. तीही कलाचीच चाचणी आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत स्त्रीला उताणे न झोपवता डाव्या कुशीकडे थोडे कलते ठेवतात, कारण वाढलेल्या गर्भाशयाचे वजन पोटातील मोठ्या शिरेवर पडून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते.

हृदयाच्या आलेखात आम्ही ‘अक्ष (म्हणजे हृदयातील विद्युतप्रवाहाची एकूण दिशा) डावीकडे कलला आहे’ असे लिहितो. तेथेही अक्षरओळ ताई म्हणतात तसा ‘कडे’ येतो, परंतु त्यामागे उणे ३० ते अधिक ९० अंशांची ठरलेली मर्यादा असते. म्हणजे वैद्यकाचा ‘कडे’ हा आपल्या दोघांच्या मतांच्या मधोमध उभा आहे.

आता मला खरे जे सांगायचे आहे ते सांगते. बहुतेक स्त्रियांचे गर्भाशय पुढे, मूत्राशयाच्या बाजूला कललेले असते. परंतु सुमारे पाचातल्या एका स्त्रीचे ते मागे कललेले असते. हा निसर्गतः आढळणारा फरक आहे, जसे कोणी डावखुरे असते. बहुतेक वेळा त्यावर कोणताही उपचार लागत नाही आणि गर्भधारणेलाही त्याने अडथळा येत नाही. सोनोग्राफीच्या अहवालात मात्र ‘रेट्रोव्हर्टेड’ (मागे कललेले) हा शब्द छापून येतो, कोणीतरी घाईत त्याचे भाषांतर ‘पिशवी उलटी आहे’ असे करते, आणि ती बाई वर्षानुवर्षे स्वतःला सदोष समजते. माझ्याकडे अशा स्त्रिया येतात. त्यातली एक पंचवीस वर्षांची होती आणि पिशवी काढून टाका म्हणून विनवत होती. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि त्यावर चौकशी समितीही नेमली गेली. त्या प्रश्नाची मुळे दारिद्र्यात, मजुरी बुडण्याच्या भीतीत आणि आरोग्यसेवेच्या अभावात आहेत, हे मला ठाऊक आहे. तरीही आपण वापरलेल्या एका शब्दाने भीतीत भर पडत असेल तर तो शब्द आपण सुधारला पाहिजे. मी आता ‘थोडे मागे झुकलेले, आणि हे नेहमीचेच आहे’ एवढे पूर्ण वाक्य अहवालावर मराठीत लिहून देते.

जाता जाता एक गोष्ट. ‘क्लिनिक’ हा शब्द ग्रीक भाषेत टेकणे, कलणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे: ज्यावर कलायचे ती खाट, आणि खाटेजवळ जाऊन उपचार करणारा तो वैद्य.

अक्षरओळ (धाराशिव)

शुश्रूषा ताई, शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही. त्याच ग्रीक क्रियापदापासून उतार या अर्थाचा शब्द झाला आणि त्यातून ‘क्लायमेट’ आला, कारण सूर्यकिरणांचा तिरपेपणा बदलत जाईल तसे पृथ्वीचे पट्टे ग्रीकांनी कल्पिले होते. आणि त्याचे मूळ जेथे पोहोचते तेथेच संस्कृतातील ‘श्रि’ धातूही पोहोचतो, ज्याचा अर्थ टेकणे, आधार घेणे असा आहे आणि ज्यापासून आपला ‘आश्रय’ शब्द झाला. म्हणजे क्लिनिक आणि आश्रय हे दूरचे आप्त आहेत. गोदाकाठ सर, येथे मी आपल्या बाजूला थोडी सरकते, कारण टेकायचे म्हटले की कशावर तरी टेकावे लागते.

शंकुच्छाया (जालना)

आकाशनिरीक्षणाच्या छंदातून जे कळले ते लिहितो. चंद्राच्या कक्षेचे प्रतल पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी सुमारे पाच अंशांनी कललेले आहे. हा कल नसता तर दर अमावास्येला सूर्यग्रहण आणि दर पौर्णिमेला चंद्रग्रहण झाले असते. ही दोन प्रतले जेथे एकमेकांना छेदतात त्या दोन बिंदूंना आपल्या ज्योतिषग्रंथांनी राहू आणि केतू म्हटले. लोक ज्यांची भीती बाळगतात ते राहू-केतू म्हणजे पाच अंशांच्या एका कलातून जन्मलेले दोन गणिती बिंदू आहेत, आणि हे मी व्याख्यानांमध्ये आवर्जून सांगतो.

कृत्रिम उपग्रहांच्या कक्षेचा कल विषुववृत्तापासून मोजतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा कल ५१.६ अंश आहे, म्हणून ते आपल्या डोक्यावरून जाऊ शकते. पंधरा अंश कलाच्या कक्षेतला उपग्रह मराठवाड्यातल्या कोणत्याही गावाच्या थेट माथ्यावर कधीही येणार नाही, कारण आपण सगळे सतरा अंशांच्या उत्तरेला आहोत. पृथ्वीची छायाचित्रे घेणारे पुष्कळ उपग्रह सुमारे ९८ अंशांच्या कलाने फिरतात. नव्वदपेक्षा जास्त कल म्हणजे पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याच्या उलट दिशा. शुक्राच्या आसाचा कल १७७ अंश सांगतात तोही याच अर्थाने. तो जवळजवळ सरळ उभा आहे, पण उलटा फिरतो. नुसते चित्र पाहून हा फरक कळत नाही, आकडा मात्र तो सांगतो.

पृथ्वीच्या आसाचा कल आपल्या सिद्धांतग्रंथांनी परमक्रांती या नावाने २४ अंश धरला होता. तो कायमचा स्थिर नाही. सुमारे ४१,००० वर्षांच्या चक्रात २२.१ ते २४.५ अंशांमध्ये हलतो आणि सध्या हळूहळू कमी होत आहे. या कलाचा पुरावा आपल्याला अंगणात मिळतो. मे महिन्यात सूर्य उत्तरेकडे सरकत असताना धाराशिवला १२-१३ तारखेच्या सुमारास, नांदेडला १६-१७ ला आणि छत्रपती संभाजीनगरला १९-२० ला भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत हाच क्रम उलटा होतो, पण तेव्हा ढग असतात.

काळापाषाण (छत्रपती संभाजीनगर)

भूशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक विलक्षण कल सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोकळी टांगलेली चुंबकसूची पूर्ण आडवी राहत नाही. ती क्षितिजाशी काही कोन करून खाली झुकते. यालाच चुंबकीय नती म्हणतात. चुंबकीय विषुववृत्तावर ती शून्य आणि चुंबकीय ध्रुवावर नव्वद अंश असते. अशा मोजमापांसाठी मुंबईत कुलाब्याला वेधशाळा होती. विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्या विजेने मोजमाप बिघडणार म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले गेले.

आता आपल्या पायाखालचा काळा दगड पाहू. वेरूळचे कैलास लेणे ज्या बेसाल्टमध्ये कोरले आहे तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून वाहत होता. तो थंड होताना त्यातील लोहखनिजांचे सूक्ष्म कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने स्थिर झाले आणि ती नती दगडात कायमची राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यात ती मोजली गेली, तेव्हा ती आजच्या येथील नतीपेक्षा बरीच तीव्र निघाली, आणि तिच्यावरून हिशेब केल्यावर हा दगड थंड होताना विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे तीस अंशांवर होता असे दिसले. आज आपण एकोणीस-वीस अंश उत्तरेला आहोत. म्हणजे हा सारा प्रदेश पाच हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून येथे आला आहे, आणि त्या प्रवासाचा एक भक्कम पुरावा म्हणजे दगडातला एक कोन.

गोदाकाठ सरांच्या मुद्द्याशी याचा संबंध असा की हा कोन क्षितिजसमांतर पातळीपासून मोजतात. थर नंतरच्या काळात कलले असतील, तर थरांचा तो कल आधी वजा करावा लागतो, नाहीतर सारा हिशेब चुकतो. आपल्या दख्खनच्या थरांचे भाग्य असे की ते बहुतांशी जसे पसरले तसेच आडवे राहिले आहेत. बालाघाटचे डोंगर सपाट माथ्याचे आणि पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते त्यामुळेच.

वखरपाळी (औंढा)

आता मीही थोडे सविस्तर लिहितो. काळ्या जमिनीत पाणी मुरायला वेळ लागतो. अशा रानात पूर्ण समपातळीवर बांध घातला तर पाणी बांधाला तुंबते, पीक पिवळे पडते आणि शेवटी बांध फुटतो. म्हणून ढाळीचे बांध घालतात, ज्यांना शंभर मीटरला जेमतेम वीस-तीस सेंटिमीटर उतार असतो. तो डोळ्याला दिसत नाही. पाणी मात्र तो ओळखते आणि माती न नेता सावकाश ओढ्याकडे जाते. उतार जास्त झाला तर तेच पाणी बांधाकडेची माती खरवडून नेते. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे आणि पाणी त्यात पंपाशिवाय केवळ ढाळावर चालते.

दुसरी गोष्ट मोंढ्यातली, म्हणजे धान्यबाजारातली. सोयाबीनची रास ओतली की ती एका ठरावीक उतारावर थांबते. दोन पोती ओता किंवा दोनशे, रास उंच आणि रुंद होते, उतार तोच राहतो. कपाशीची सरकी ओतली तर उतार वेगळा, कारण तिच्या अंगावर तंतू असतात आणि ती एकमेकींना धरून राहते. दाणे ओलसर असतील तर रास अधिक उभी राहते, आणि अनुभवी हमाल तेवढ्यावरून मालाची ओल ओळखतात. या उताराला दाण्याचा स्वभावच म्हणावे लागेल. मुलांच्या कलाविषयी सरांनी विचारले, त्यावर मला हेच सुचते. एक मूठ टाकून कल कळत नाही. बरेच दिवस, बरेच काही ओतावे लागते.

गोदाकाठ (सेलू)

सर्वांचे मनापासून आभार. आई आता घरी आहे आणि चालू लागली आहे.

अक्षरओळ ताईंचा ‘पासून’ आणि ‘कडे’ हा भेद मला मान्य आहे, आणि माझे आधीचे विधान मी तेवढे दुरुस्त करतो: मनाच्या कलाला कोन विचारणे चूक आहे. मात्र शुश्रूषा ताईंचे उदाहरण वाचल्यावर मला अधिकच वाटते की जेथे कल हा शब्द माणसाविषयी निर्णय घेण्यासाठी वापरला जातो, मग तो अहवाल शरीराचा असो वा मनाचा, तेथे नेहमीचे काय आणि वेगळे काय हे त्याच कागदावर लिहिलेले असले पाहिजे. वखरपाळी यांचे राशीचे उदाहरण मी वर्गात वापरणार आहे. धान्य मुलांनाच घरून आणायला सांगेन.

शंकुच्छाया यांना एक विचारायचे आहे. सेलूला शून्य सावली कोणत्या दिवशी आणि किती वाजता मिळेल? सुट्ट्या असल्या तरी मुले येतील.

शंकुच्छाया (जालना)

सेलूचा अक्षांश साडेएकोणीस अंशांच्या किंचित आत आहे, म्हणून १७ किंवा १८ मे हे दोन्ही दिवस पाहावेत. वेळ बारा वाजताची नाही, कारण आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचे आहे आणि सेलू त्याच्या पश्चिमेला आहे. साधारण बारा वाजून वीस मिनिटांनी सूर्य माथ्यावर येईल. अर्धा तास आधीपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करत राहावे. काठी अगदी उभी हवी. ती एक-दोन अंश जरी कलली तरी सावली दिसत राहील आणि मुलांना वाटेल की दिवस चुकला.

ओळंबा (लातूर)

सर, काठीला दोन बाजूंनी ओळंबा लावा. एका बाजूने सरळ दिसणारी काठी दुसऱ्या बाजूने कललेली असू शकते. वारा असेल तर ओळंब्याचे वजन पाण्याच्या तांब्यात बुडवून ठेवा, म्हणजे दोरा हलणार नाही.